ताळेबंदाखालचे थर

गेवराई तालुक्याच्या उत्तर कडेने गोदावरी वाहते आणि जायकवाडी धरणाचा उजवा कालवा याच तालुक्यातून पुढे माजलगावच्या जलाशयाकडे जातो. तरीही नदी आणि कालवा यांच्या लाभाबाहेर राहिलेल्या गावांची शेती बव्हंशी पावसावर उभी आहे. बीड जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेसहाशे मिलिमीटरांच्या आसपास सांगितला जात असला, तरी तो दरवर्षी तेवढा पडतो असे नाही, आणि पडला तरी कपाशी बोंडे धरते त्या दिवसांत तो पडेल याची शाश्वती नसते. अशा मुलखात गावाने पैशांच्या हिशेबासारखाच पाण्याचाही जमाखर्च मांडावा, म्हणजे शिवारात किती पाऊस आला, त्यातला किती ओढ्यावाटे निघून गेला, किती जमिनीत मुरला आणि उरलेल्यावर कोणती पिके तगतील हे वर्षाच्या वर्षाला लिहून काढावे, या कल्पनेला मराठीत ‘पाण्याचा ताळेबंद’ हे नेमके नाव मिळाले आहे. जागतिक बँकेने फेब्रुवारी २०१८ मध्ये ज्याच्या कर्जाला मंजुरी दिली आणि ज्याला गावोगाव ‘पोकरा’ म्हणतात, त्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात बीडसह पंधरा जिल्ह्यांतील पाच हजारांहून अधिक गावे होती, आणि गावाच्या सूक्ष्म नियोजनाचा पाया म्हणून असा ताळेबंद मांडणे त्यात अपेक्षित होते.

या ताळेबंदामागचे गणिती प्रारूप आयआयटी मुंबईतील अभ्यासगटाने विकसित केले. संगणकशास्त्राचे प्राध्यापक मिलिंद सोहोनी आणि ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचा अभ्यास करणारे ‘सितारा’ हे केंद्र या कामाशी जोडलेले होते. महसूल मंडळातील पर्जन्यमापकाची रोजची नोंद, मातीचा पोत व खोली, जमिनीचा उतार, जमिनीचा वापर आणि पीक इतकी माहिती हे प्रारूप घेते, आणि पडलेल्या पावसाची अपधाव, मातीतला ओलावा, पिकाने घेतलेले पाणी, भूजलात झालेली भर व पिकाला पडलेली तूट अशी विभागणी दिवसामागून दिवस करत जाते. हे गणित नकाशावर चालावे, म्हणून ते क्यूजीआयएस या नकाशा-प्रणालीला जोडता येणाऱ्या पूरक आज्ञावलीच्या, म्हणजे प्लगइनच्या, रूपात बांधले गेले. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आणि त्यातील ‘लायब्ररी’ व ‘पॅकेज’ हे विषय केवळ महानगरांतील संगणक अभियंत्यांचे आहेत असा जो सर्वसाधारण समज आहे, तो तपासून पाहायला गेवराईच्या एखाद्या कोरडवाहू गावचा हा नकाशा पुरेसा आहे.

संगणकाची कोणतीही आज्ञावली मुळात माणसाने वाचता येईल अशा मजकुरात लिहिलेली असते. या मजकुराला ‘सोर्स कोड’ किंवा मूळ संहिता म्हणतात. बाजारात विकल्या जाणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ही संहिता गिऱ्हाइकाला दिली जात नाही. त्याला मिळते ते तिचे यंत्राला कळणारे रूपांतर, जे चालवता येते पण वाचता येत नाही. ज्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता उघड असते आणि ती वाचण्याची, वापरण्याची, बदलण्याची व बदललेली प्रत इतरांना देण्याची मुभा परवान्यानेच दिलेली असते, ते मुक्तस्रोत. क्यूजीआयएस हे असे सॉफ्टवेअर आहे. गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये त्याची सुरुवात केली आणि जानेवारी २००९ मध्ये त्याची पहिली पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध झाली. या जातीच्या व्यापारी सॉफ्टवेअरच्या एकेका परवान्यासाठी मोठी रक्कम मोजावी लागते. क्यूजीआयएस मात्र तालुक्याच्या कचेरीतल्या जुन्या संगणकावरही विनामूल्य बसवता येते.

तथापि क्यूजीआयएस हेही एकसंध बांधकाम नाही. संगणकावर वारंवार लागणारी कामे प्रत्येकाने नव्याने लिहीत बसण्याऐवजी एकाने नीट लिहावीत आणि इतरांनी ती जशीच्या तशी आपल्या आज्ञावलीत वापरावीत, अशा कामांच्या संचाला ‘लायब्ररी’ म्हणतात. हा शब्द वाटतो तितका आलंकारिक नाही. केंब्रिज विद्यापीठात १९४९ साली एडसॅक हा संगणक चालू झाला, तेव्हा नेहमीची गणिते छिद्रे पाडलेल्या कागदी फितींवर उतरवून त्या फिती कपाटात रचून ठेवल्या जात, आणि ज्याला वर्गमूळ हवे तो वर्गमुळाची फीत काढून आपल्या कामाला जोडी. म्हणजे ती खरोखरच एक लायब्ररी होती. आजची लायब्ररी आंतरजालावरून उतरवून घेतली जाते, आणि ती नाव, आवृत्ती-क्रमांक, परवाना व सोबत लागणाऱ्या इतर लायब्रऱ्यांची यादी यांसह बांधून दिलेली असली की तिला ‘पॅकेज’ म्हणतात. पायथॉन या संगणकीय भाषेच्या ‘पायपीआय’ या भांडारात अशी पाच लाखांहून अधिक पॅकेजेस आहेत. त्यांतले एखादे मागवले की त्याला लागणारी दुसरी, दुसरीला लागणारी तिसरी अशी ती आपोआप उतरत जातात, आणि दहा ओळी लिहिणाऱ्याच्या संगणकावर कधी न ऐकलेल्या माणसांनी लिहिलेल्या लाखभर ओळी येऊन बसतात. या परस्परांवर टेकण्याला ‘अवलंबित्व’ अशी संज्ञा आहे.

गावच्या नकाशाखालचे दोन थर जरा जवळून पाहण्यासारखे आहेत. पहिला थर ‘जीडाल’ या लायब्ररीचा. उपग्रहाचे चित्र एका साच्यात येते, मातीचा नकाशा दुसऱ्या साच्यात, गावाच्या हद्दी तिसऱ्याच. हे शेकडो साचे उघडून वाचण्याचे काम जीडाल करते. फ्रँक वॉर्मरडॅम या कॅनडातील अभियंत्याने १९९८ मध्ये तिची सुरुवात केली. नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राने तयार केलेला जमीन-वापराचा नकाशा क्यूजीआयएसमध्ये उघडला, की तो प्रत्यक्षात जीडालच उघडत असते. वापरणाऱ्याला तिचे नावही दिसत नाही.

दुसरा थर ‘प्रोज’ या लायब्ररीचा, आणि त्याची कथा थेट भारताच्या भूमापनाशी येऊन मिळते. पृथ्वी गोल आहे, तीही किंचित चपटी, आणि नकाशा सपाट. त्यामुळे गोलावरचा प्रत्येक बिंदू कागदावर उतरवताना पृथ्वीचा आकार नेमका किती धरायचा हे आधी ठरवावे लागते. भारताच्या जुन्या स्थलदर्शक नकाशांसाठी जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये काढलेला आकार वापरला गेला, तर उपग्रहांच्या साहाय्याने स्थान दाखवणारी जीपीएस यंत्रणा वेगळा, जागतिक आकार वापरते. या दोन आकारांच्या विषुववृत्तीय त्रिज्यांत सुमारे ८६० मीटरांचा फरक आहे आणि त्यांचे मध्यबिंदूही एकमेकांपासून काहीशे मीटर दूर पडतात. जुन्या नकाशावरची विहीर आणि मोबाइलने दाखवलेली तीच विहीर एकाच कागदावर तशीच मांडली, तर ती बांध ओलांडून शेजारच्या गटात जाऊन पडते. बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या कज्जे चालणाऱ्या मुलखात हा फरक किरकोळ नव्हे. तो काढून टाकण्याचे गणित प्रोज करते. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात काम करणारे जेराल्ड एव्हेंडन यांनी ते १९८० च्या दशकात आपल्या खात्याच्या गरजेपोटी लिहायला घेतले होते. मराठवाड्यातला एखादा बांध त्यांच्या नजरेसमोर असण्याचे कारण नव्हते.

मुक्तस्रोताविषयी बोलताना ‘फुकट’ हा शब्द सर्वांत आधी येतो, आणि तोच सर्वांत दिशाभूल करणारा आहे. पैसे वाचतात हे खरे. पण पाण्याच्या ताळेबंदाच्या बाबतीत खरा मुद्दा हिशेब तपासता येण्याचा आहे, आणि त्याचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. पावसाचे किती पाणी वाहून जाते हे काढण्याची एक जगभर रूढ पद्धत आहे, जिच्यात माती, पीक आणि जमिनीची स्थिती पाहून शून्य ते शंभर यांमधला एक ‘वक्रांक’ निवडला जातो. वक्रांक जितका मोठा, तितकी अपधाव जास्त. त्या पद्धतीच्या नेहमीच्या सूत्रानुसार एका दिवसात ५० मिलिमीटर पाऊस पडला आणि वक्रांक ८० धरला, तर सुमारे १४ मिलिमीटर पाणी वाहून जाते. तोच वक्रांक ८५ धरला, तर जवळजवळ २० मिलिमीटर. एक हेक्टरवर एक मिलिमीटर म्हणजे १० हजार लिटर पाणी, हे लक्षात घेतले तर केवळ पाच अंकांच्या निवडीने हेक्टरी सुमारे ५८ हजार लिटरांचा फरक पडला, तोही एकाच पावसात. काळ्या खोल जमिनीला कोणता अंक द्यायचा आणि मुरमाड उताराला कोणता, हे कोणीतरी कुठेतरी लिहून ठेवलेले असते, आणि अडवण्याजोगे पाणी शिल्लक आहे की नाही हा निष्कर्ष शेवटी त्या अंकावर उभा राहतो.

असा अंक बंद पेटीत असला, तर गावाला मिळतो फक्त निकाल. तो पटला नाही तरी वाद कशाशी घालायचा हेच कळत नाही, कारण ‘संगणकाने असे दाखवले’ या वाक्यापुढे ग्रामसभेचे काही चालत नाही. क्यूजीआयएसची प्लगइन बहुतांशी पायथॉन भाषेत लिहिली जातात, आणि ती वापरणाऱ्याच्या संगणकावर वाचता येणाऱ्या मजकुराच्या रूपातच येऊन पडतात. मातीचा कोणता प्रकार कोणत्या अंकाशी जोडला आहे ते थोडे इंग्रजी आणि बारावीचे गणित येणाऱ्यालाही शोधता येते. अर्थात प्रत्येक शेतकऱ्याने संहिता वाचावी अशी अपेक्षा कोणी करणार नाही. सातबाराही प्रत्येक जण रोज वाचत नाही. पण त्याची नक्कल मिळू शकते, एवढ्यानेच तलाठ्याच्या दप्तराला शिस्त राहते.

ही मुभा कायद्याने टिकवून धरण्याचे काम परवाने करतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ मध्ये ‘जीपीएल’ हा परवाना आणला, ज्याची मुख्य अट अशी की मिळालेली संहिता बदलून पुढे द्यायची असेल तर ती त्याच मुभांसह द्यावी लागते. क्यूजीआयएस या परवान्याखाली आहे. जीडाल ज्या ‘एमआयटी’ परवान्याखाली आहे तो सैल आहे: मूळ लेखकाचे नाव राखले की कोणीही ती संहिता आपल्या बंद व व्यापारी उत्पादनातही वापरावी. यांतला कोणता चांगला यावर जाणकारांत जवळजवळ चार दशके वाद आहे. सार्वजनिक पैशाने उभ्या राहणाऱ्या कामाला पहिला अधिक साजतो, कारण गावाचा हिशेब एकदा उघडला की तो पुढे कोणाला बंद करता येऊ नये. भारत सरकारनेही मार्च २०१५ मध्ये जाहीर केलेल्या धोरणात सरकारी कामांत मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावे असे म्हटले आहे.

ताळेबंद मराठीतून छापायचा, तर आणखी एक थर लागतो, आणि तो मराठी वाचकाच्या सर्वांत जवळचा असूनही सर्वांत कमी माहितीचा आहे. देवनागरी अक्षरे एकामागे एक ठेवून शब्द होत नाही. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी न्यावी लागते, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवावा लागतो, जोडाक्षरे घडवावी लागतात. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ या दोन शब्दांत पहिल्याला रफार हवा व दुसऱ्याला अर्धचंद्रासारखा ‘र’ हवा, आणि हा फरक चुकला तर डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो. हिंदीला हा दुसरा ‘र’ लागत नसल्याने हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या अनेक टंकांत तो बराच काळ नीट उमटत नसे. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हीसुद्धा अशीच दुखरी जागा. अक्षरांची ही जुळणी आज फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड आणि लिब्रेऑफिस यांमध्ये ‘हार्फबझ’ ही मुक्तस्रोत लायब्ररी करते. फारसी शब्दांवरून घेतलेल्या या नावाचा अर्थच ‘खुले अक्षर’ असा आहे, आणि ती उभारणारे बेहदाद एस्फाहबोद हे इराणी वंशाचे अभियंते. अक्षरांची चित्रे पुरवणाऱ्या टंकांमध्ये ‘लोहित’ या मालिकेचे मूळ पुण्यात आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने रेखाटलेले हे टंक रेड हॅट या कंपनीने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली खुले केले, आणि पुढे रेड हॅटच्या पुणे कार्यालयात प्रवीण सातपुते यांनी त्यांची देखभाल व पुनर्रचना केली. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे टंकही असेच खुले आहेत. गेवराईतल्या लग्नपत्रिकेपासून ग्रामपंचायतीच्या फलकापर्यंत ही अक्षरे आज कुठेही आढळू शकतात. ती कोणाची हे विचारण्याची गरज कोणाला पडत नाही.

मात्र इथेच या व्यवस्थेचा दुबळेपणाही आहे. मराठवाड्यात कोल्हापुरी बंधाऱ्यांची एक ओळखीची अवस्था असते: बांधकाम झालेले असते, उद्‌घाटनाची कोनशिला शाबूत असते, पण पावसाळा सरताना घालायची दारे गंजलेली किंवा चोरीला गेलेली असतात, आणि पाणी उघड्या खांबांमधून निघून जाते. बांधायला निधी असतो, दारे घालायला नसतो. मुक्तस्रोत लायब्रऱ्यांचे बरेचसे असेच आहे. लायब्ररी लिहून संपत नाही. नवे संगणक येतात, चुका सापडतात, प्रश्न येत राहतात, आणि त्यांना उत्तर देणारा माणूस पुष्कळदा नोकरी सांभाळून रात्री हे काम करत असतो. माहिती दाबून लहान करणारी ‘एक्सझेड’ ही लायब्ररी जगभरच्या असंख्य सर्व्हरवर होती, तरी तिचा भार अनेक वर्षे मुख्यत्वे एका माणसावर होता. ‘जिया टॅन’ हे नाव घेऊन आलेल्या अज्ञात व्यक्तीने दोनेक वर्षे मदत करून त्याचा विश्वास मिळवला आणि मग त्या लायब्ररीत एक चोरवाट बसवली. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एका संगणकावर दूरस्थ प्रवेशाला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे हे खटकले आणि त्याने मूळ शोधले, म्हणून ती चोरवाट सर्वदूर पसरण्याआधी पकडली गेली. संहिता उघडी होती म्हणून शोध लागू शकला, हे खरे. पण ती उघडी असूनही आधी कोणी पाहत नव्हते, हेही तितकेच खरे.

जुन्या गावगाड्यात सुतार, लोहार, चांभार यांना वर्षभराच्या कामाबद्दल सुगीला बलुते मिळे. त्या व्यवस्थेतला जातीचा जाच विसरून तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण नांगर मोडेल तेव्हा दुरुस्त करणारा हाताशी असावा, तर त्याचे पोट आधी भरले पाहिजे, एवढा व्यवहार तिच्यात होता. जीडाल आणि प्रोज या दोन्हींचा मोठा भार आज एव्हन रुऑल्ट या फ्रेंच अभियंत्याने उचललेला आहे. त्यांच्यासारख्यांच्या देखभालीच्या कामाला नियमित मोबदला मिळावा यासाठी जीडालने २०२१ मध्ये पुरस्कर्त्यांची योजना सुरू केली आणि जीडालवर नफा कमावणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी तिला वर्गणी दिली. नकाशे वापरणाऱ्या सरकारी खात्यांच्या अंदाजपत्रकात असे बलुते सहसा दिसत नाही, कारण फुकट मिळालेल्या वस्तूसाठी खर्चाचे शीर्षक कोणते लावावे, हा प्रश्न लेखापरीक्षणाच्या भाषेत सुटत नाही.

पैशाखेरीज माणसेही लागतात, आणि ती घडवण्याचे काम महाराष्ट्रात काही प्रमाणात झाले आहे. आयआयटी मुंबईतील ‘फॉसी’ प्रकल्पाने महाविद्यालयांत व्यापारी सॉफ्टवेअरच्या जागी मुक्तस्रोत साधने रुजवण्याचा प्रयत्न केला. त्यातले एक प्राध्यापक प्रभू रामचंद्रन हे ‘मायावी’ या त्रिमितीय चित्रणाच्या पायथॉन लायब्ररीचे जनक आहेत, म्हणजे पवईतला हा प्रकल्प घेणाराच नव्हे तर देणाराही आहे. प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात दहा-दहा मिनिटांचे दृक्‌श्राव्य पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांतून ऐकता येतात. शिक्षकाविना, संथ आंतरजालावरही शिकता यावे अशा बेताने ते आखलेले आहेत, आणि त्यांत पायथॉन आहे तसे क्यूजीआयएसही आहे. संगणकाचे शिक्षण म्हणजे टंकलेखन आणि तक्ते, ही तालुक्याच्या गावातली रूढ कल्पना ओलांडायला एवढी सामग्री कमी नाही.

या माणसांची गरज कशी पडते, याचा दाखला क्यूजीआयएसच्याच इतिहासात आहे. पोकराला जागतिक बँकेची मंजुरी मिळाली त्याच फेब्रुवारी २०१८ मध्ये क्यूजीआयएसची तिसरी पिढी बाहेर पडली. ती पायथॉनच्या नव्या पिढीवर आणि पडद्यावरच्या खिडक्या-बटणे पुरवणाऱ्या ‘क्यूटी’ लायब्ररीच्या पाचव्या आवृत्तीवर बेतलेली होती, आणि त्यामुळे दुसऱ्या पिढीसाठी लिहिलेली प्लगइन तिच्यावर चालेनाशी झाली. जगभरच्या शेकडो प्लगइनांच्या लेखकांना आपली संहिता पुन्हा हातात घ्यावी लागली; ज्यांचे लेखक पदवी घेऊन निघून गेले होते किंवा ज्यांचा निधी संपला होता, त्यांतली काही तशीच मागे राहिली आणि काही दुसऱ्याच कोणीतरी दुरुस्त करून पुढे नेली. आता क्यूजीआयएस क्यूटीच्या सहाव्या आवृत्तीकडे वळले आहे, आणि नकाशावर पाण्याचा हिशेब मांडणाऱ्या अशा प्रत्येक प्लगइनमधील काही ओळी पुन्हा एकदा कोणालातरी उघडून बदलाव्या लागतील.